'ऑलिव्हर ट्विस्ट' : बालपणीचे घाव, मैत्री आणि न्याय

चोर व खुनी यांच्या कथा मुलांच्या हाती पडू नयेत, असे कित्येक पालकांस वाटते. त्यांची चिंता आम्हांस समजते. परंतु अशा सर्वच कथा एका मापाने मोजता येत नाहीत. काहींत 'गुन्हा कोणी केला?' एवढेच कोडे असते. काहींत 'हा मनुष्य असा का झाला?' हा त्याहून कठीण प्रश्न असतो. चार्ल्स डिकन्स याची १८३७ ते १८३९ या काळात मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेली 'ऑलिव्हर ट्विस्ट' ही कादंबरी दुसऱ्या वर्गात मोडते.

प्रथम ग्रंथकाराचे बालपण पाहू. १८२४ साली, डिकन्स बारा वर्षांचा असता, त्याच्या वडिलांस कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात जावे लागले. त्याच सुमारास चार्ल्सची शाळा सुटली व तो बुटांच्या काळ्या रोगणाच्या कारखान्यात बरण्यांवर कागद चिकटवू लागला. मजुरी आठवड्यास सहा-सात शिलिंग. तेथे बॉब फॅगिन नावाचा एक पोरका मुलगा होता. एके दिवशी चार्ल्सच्या कुशीत कळ आली, तेव्हा बॉबने रिकाम्या बाटल्यांत ऊन पाणी भरून अर्धा दिवस त्यास शेकले व सायंकाळी घरी पोहोचविण्याचा हट्ट धरला. तुरुंगाची गोष्ट उघड होईल या लाजेने चार्ल्सने एका परक्याच्याच दारात उभे राहून 'हेच आमचे घर' असे भासविले व त्याचा निरोप घेतला. हे दुःख त्याने जन्मभर लपविले. त्याच्या मृत्यूनंतर, १८७२ साली, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ते जगास कळले. आणि नवल असे की, त्या दयाळू मुलाचे आडनाव डिकन्सने आपल्या कादंबरीतील चोरांच्या म्होरक्यास दिले! ही कृतघ्नता होय काय? आम्हांस वाटते, बॉबची माया आणि त्या कारखान्यात कायमचे बुडून जाण्याची भीती या दोन्ही त्याच्या मनात एकाच नावाशी गुंतल्या असाव्यात.

आता कादंबरीतील मैत्री पाहा. अनाथ ऑलिव्हर सात दिवसांच्या पायपिटीने थकून बार्नेट गावी एका पायरीवर बसतो. अनेक लोक जवळून जातात. थांबून विचारपूस करतो तो जॅक डॉकिन्स हा खिसेकापू पोर, आणि तोच त्यास पोटभर खाऊ घालतो. त्याच हाताने तो त्यास फॅगिनच्या घरी नेतो. भुकेल्या मुलास चांगला हात व वाईट हात कसा ओळखता यावा? उलट नोआ क्लेपोल पाहा. धर्मादाय शाळेतला म्हणून रस्त्यातील पोरे त्याची थट्टा करीत. तो आपल्याहून दुबळा ऑलिव्हर भेटताच सारा वचपा त्याच्यावर काढतो. सोसलेले दुःख एकास दुसऱ्याजवळ आणते, तर दुसऱ्यास निष्ठुर करते.

निष्ठेचे उदाहरण नॅन्सीचे. ऑलिव्हरच्या निम्म्या वयाची असताना फॅगिनने तिला चोरीस लावले. ती ऑलिव्हरसाठी जीव धोक्यात घालते; सुटकेचा मार्ग पुढे केला असता मात्र तो नाकारून क्रूर साइक्सकडे परत जाते, व त्याच्याच हातून मरते. आमच्या मते येथे डिकन्सने मानवी मन अचूक ओळखले आहे. ज्यास दुसरे घर कधी मिळालेच नाही, त्यास जाच करणाऱ्याचे घरही सोडवत नाही. त्या मानाने, एवढे सोसूनही ज्यास डागच लागत नाही असा ऑलिव्हर आम्हांस कमी खरा वाटतो.

राहिला न्याय. डॉकिन्सला काळ्या पाण्याची शिक्षा होते. त्यास मुलगा म्हणून वाढविण्यास कोणीच नव्हते, हा विचार न्यायालयात निघत नाही. फॅगिन फाशी जातो, परंतु आदल्या रात्री त्याच्या कोठडीत ऑलिव्हर रडतो व त्याच्यासाठी प्रार्थना करतो. शिक्षा चुकत नाही. करुणाही सुटत नाही. खुद्द डिकन्सच्या हातूनही अन्याय घडला होता. फॅगिनचा उल्लेख तो पदोपदी त्याच्या यहुदी जातीवरून करी. १८६३ साली एका यहुदी बाईने पत्राने तक्रार केली, तेव्हा १८६७ च्या आवृत्तीत त्याने असे बरेच उल्लेख गाळले.

आम्हीही एकदा चुकलो. वर्गातून खाण्याचे डबे नाहीसे होत. चोर सापडला; आम्ही त्यास सर्वांदेखत उभे केले. त्याच्या शेजारचा मुलगा गप्प बसला होता, म्हणून त्यासही बोल लावला. शाळा सुटल्यावर तो एकटा येऊन म्हणाला, "सर, मला ठाऊक होते. त्याच्या घरी दुपारी चूल पेटत नाही." त्याचे मौन ही निष्ठा होती, पण तो आदल्या दिवशी बोलता, तर तीच निष्ठा अधिक उपयोगी पडती. आणि आम्ही आधी विचारते, तर त्यास बोलणे सोपे जाते.

विद्यार्थ्यांनो, हे पुस्तक वाचताना प्रत्येक अपराध्याविषयी दोन प्रश्न वहीत लिहा : याने काय केले? आणि याच्यावर काय गुजरले? दुसऱ्याच्या उत्तराने पहिले खोडू नका. पहिल्याच्या उत्तराने दुसरे टाळू नका. पालकांसही आमची हीच विनंती आहे.