लेंकराच्या मनाची जखम

घरांत मृत्यु घडला, आग लागली, किंवा गांवांत पूर आला, म्हणजे वडील माणसें म्हणतात, “तान्हें लेंकरूं तें, त्याला काय कळतें? चार दिवसांत विसरेल.” ही समजूत कितपत खरी आहे, याचा आज आम्ही विचार करणार आहों.

दुसऱ्या महायुद्धांत लंडन शहरावर बाँबचा वर्षाव झाला. त्या वेळीं ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या विदुषींनीं १९४१ सालीं हॅम्पस्टेड भागांत बालकांसाठीं शिशुगृह काढिलें. त्यांस असें आढळलें कीं, आई जवळ असून ती धीर धरून असली, तर मूल स्फोटाचा आवाजहि बरेंच सोसतें. परंतु आईपासून एकाएकीं तुटलें, तर सुरक्षित जागींहि तें खचतें. म्हणून त्यांनीं सुमारें चार-चार मुलांचीं लहान कुटुंबें करून प्रत्येकास एक ठराविक दाई नेमिली. आरंभीं मत्सर व रडारड फार झाली. पुढें मात्र मुलें स्थिरावलीं व वाढीस लागलीं.

त्याच गृहांत काम केलेल्या जेम्स रॉबर्टसन यांनीं १९५२ सालीं एक चित्रपट दाखविला. दोन वर्षांची मुलगी आठ दिवस इस्पितळांत राहिली. ती फारशी रडत नव्हती. पण आई भेटावयास आली असतां तिनें तोंड फिरविलें. गप्प मूल म्हणजे विसरलेलें मूल नव्हे, हें येथें ध्यानांत ठेवावें.

मग जखम ओळखावी कशी? मूल झोपेंत दचकतें. आईचा पदर सोडीत नाहीं. शिकलेले शब्द विसरतें. पुन्हां अंथरूण ओलें करितें. खेळांत तीच आपत्ति वारंवार मांडितें. किंवा शून्य नजरेनें बसून राहतें.

अशा मुलास रागावूं नये, बागुलबोवाचें भय घालूं नये. त्याला परक्या घरीं धाडण्याची घाई करूं नये; ओळखीचें एक माणूस सतत जवळ असावें. जेवण व निजणें नेहमींच्या वेळीं व्हावें. आई वारली असतां “ती गांवाला गेली” असें सांगूं नये. मूल वाटेकडे डोळे लावून बसतें. थोडक्या शब्दांत खरें सांगून पोटाशीं धरावें. आईच भ्यालेली असेल, तर शेजारणींनीं आधीं तिला आधार द्यावा, कारण लेंकरूं तिच्याच मुद्रेवरून भय किंवा धीर घेतें.

महिना लोटूनहि हीं लक्षणें राहिलीं, तर बालकांच्या मनोविकारांच्या वैद्यांस दाखवावें. तेथें आई व मूल यांस एकत्र बसवून, खेळाच्या द्वारें उपचार करितात. मोडलेला हात आपण झांकून ठेवीत नाहीं. मग मनाची जखमच कां झांकावी?