लाल रंग म्हणजे वंशावळ नव्हे

माळेगावची यात्रा तोंडावर आली आहे आणि भोकर तालुक्यातले पशुपालक वळू बघायला निघण्याच्या तयारीत आहेत. जंतनाशक, लसीकरण, गोठ्याची स्वच्छता यावर इथे लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. काळजी आहे ती नोंद नसलेल्या वळूची. गडद लाल अंग, डोळ्यांभोवती काळं कडं, लोंबते कान एवढं दिसलं की जनावर अस्सल लाल कंधारी जातीचं ठरतं आणि बोली चढते. पण लाल सिंधीच्या संकराचंही अंग लालच असतं. हलक्या गाईचं नुकसान वेताला एका वासरापुरतं राहतं. हलका वळू मात्र एका हंगामात आख्ख्या गावाची पैदास बिघडवतो, आणि ते उमगतं काही वर्षांनी, त्याच्या कालवडी व्यायल्यावर.

नोंदी ठेवणं परवडत नाही, ही तक्रार हिशेबाला टिकत नाही. बारा अंकी बिल्ला सरकारी दवाखान्यात मोफत मारला जातो आणि जनावर भारत पशुधन प्रणालीवर चढतं. मात्र बिल्ला म्हणजे फक्त ओळख. तो जातीच्या शुद्धतेचा दाखला नाही. त्याच्या पुढे माज, रेतन, विण्याच्या तारखा आणि दूध भरलं तरच त्याला किंमत. दूध रोज मोजावं लागत नाही. महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलं तर दहा महिन्यांच्या वेतात वीस मोजण्या होतात. एकीला दहा मिनिटं धरली तरी वर्षाकाठी साडेतीन तासही लागत नाहीत. साहित्य म्हणजे एक ताणकाटा आणि एक वही. उलट तारखा लिहिल्या नाहीत म्हणून गाय चार महिने जास्त भाकड राहिली, तर रोजचा चारा-पेंड शंभर रुपयांचा धरूनही बारा हजार गेले. महाग काय पडलं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

वासरू पाजल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही, मग मोजायचं कसं, हा आक्षेप खरा आहे. त्या दिवशी एका बाजूची दोन सडं वासराला सोडा, दुसऱ्या बाजूचं दूध मोजून दुप्पट धरा. आकडा अंदाजी असला तरी दरमहा त्याच पद्धतीनं काढला की गाईगाईंतला फरक दिसतो. कंधारी बैलासाठी पाळतो, दुधासाठी नाही, असंही म्हणतात. मग पहिल्या वेताचं वय आणि दोन वेतांतलं अंतर तरी लिहा, कारण गाय उशिरा व्यायली की बैलही उशिराच मिळतो. आता जनुक तपासणारी चिप आली, वही कशाला, असं विचारणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. 5 ऑक्टोबर 2024 ला वाशीम जिल्ह्यात देशी गाईंसाठीच्या ‘गौचिप’चं उद्घाटन झालं. पण कोणता जनुक जास्त दुधाचा, हे चिपला शिकवायला हजारो गाईंच्या मोजलेल्या दुधाचेच आकडे लागतात. कंधारीच्या नोंदी आपण दिल्या नाहीत तर ती चिप कंधारीबद्दल फारसं काही सांगू शकणार नाही.

यात्रेत कास मोठी दिसावी म्हणून दूध तुंबवणं बंद करा. त्यातून कासदाह होतो आणि गाय कायमची एका सडानं जाते. वळूच्या शिंगांचा रंग बघू नका. बिल्ल्याचा क्रमांक विचारा, त्याच्या आईची किमान एका वेताची नोंद मागा. विकणारा ती दाखवू शकला नाही तर पैसे खिशात ठेवा आणि गाय माजावर आली की दवाखान्यात लाल कंधारीचीच रेतमात्रा मागून घ्या.