गॅस गेला कुठं?

गाडीतल्या एसीची हवा कोमट आली, की आपण म्हणतो, "गॅस संपला, भरून घेऊ." पण हा गॅस डिझेलसारखा जळत नाही. तो गळतो. गळती तशीच ठेवून गॅस भरला, तर पैसे वाऱ्यावर गेले!

गळती शोधू या. आधी इंजीन बंद करू. गॅसबरोबर थोडं तेल फिरतं. गॅस निसटतो तिथं तेलकट डाग पडतो, त्यावर धूळ बसते. नळ्यांचे सांधे नीट पाहू. डागावर साबणाचा फेस लावू. बुडबुडे आले? सापडली! सायकलचं पंक्चर आपण पाण्यात असंच शोधतो.

सांधा मात्र आपण उघडायचा नाही. गॅस डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाण्याची भीती. कारागीर उरलेला गॅस यंत्रात काढून घेतो, रबराची झिजलेली कडी बदलतो, नळ्यांतली हवा ओढतो आणि मगच वजन करून गॅस भरतो.