दात घासून देणं हेही औषधच

मैत्रिणींनो, ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असं अजूनही बोललं जातं. ते खरं नाही. आईला बोल लावू नका, बाळाच्या तोंडाकडे लक्ष द्या.

ओठ किंवा टाळू दुभंगलेलं बाळ : फटीजवळचे दात वाकडे येतात, घास अडकतो, कीड लवकर लागते. दूध पाजल्यावर ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसा. पहिला दात आला की मऊ ब्रश घ्या. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, ३ वर्षांनंतर वाटाण्याएवढी. हिरडीतल्या फटीत हाड भरायचं ऑपरेशन साधारण ८ ते ११ व्या वर्षी होतं. दात किडलेले असले तर ते लांबतं.

जबडा मोडून तारेने बांधलेला माणूस : पेज, सूप काहीही घेतलं की कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायची. लहान मुलांच्या ब्रशने दात बाहेरून घासायचे. उलटी आली तर तार कशी कापायची, हे डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्या आणि पकड उशाशी ठेवा.

दिव्यांग व्यक्ती : मूठ वळत नसेल तर ब्रशच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळा. आपण घासून देताना त्यांना बसवा, मागून डोक्याला आधार द्या. आडवं झोपवून घासलं तर ठसका लागतो.

मिश्री कुणालाच नको; तिच्यात तंबाखू आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं. दुभंगलेल्या ओठाचे, टाळूचे उपचार त्यातून मोफत होतात. आपल्या गटात कुणाच्या घरी असं लेकरू आहे? येत्या बैठकीत विचारा, आणि त्या ताईसोबत एकीने तरी जा.