उपस्थाता : चिकित्सेचा दुर्लक्षित पाद

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. उपस्थाता म्हणजे वैद्याचा साहाय्यक. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे त्याचे गुण होत. आधुनिक वैद्यकातील 'फिजिशियन असोसिएट' या साहाय्यकाच्या व्यवसायाला २०२१ च्या केंद्रीय कायद्यात स्थान मिळाले. नांदेड-लातूरकडील आपल्या लहान दवाखान्यांत मात्र हे काम पाहून पाहून शिकलेला साहाय्यकच करताना आम्ही पाहतो.

त्याच्यावर किती विसंबावे लागते, हे विरेचनाच्या दिवशी कळते. १० वेग झाल्यास अवर, २० झाल्यास मध्यम व ३० झाल्यास प्रवर शुद्धी मानतात. त्यानुसार संसर्जनक्रम ३, ५ वा ७ दिवसांचा ठरतो. आमच्याकडे एकदा साहाय्यकाने वेग अंदाजाने, तेही कमी सांगितले. पेया-विलेपीचा क्रम लवकर संपवून रुग्णाला नेहमीचे जेवण दिले गेले व अग्निमांद्य झाले. दोष त्याचा नव्हे. नोंदवही न देणाऱ्या आमचा होता.

तेव्हापासून आम्ही कामाची सीमा लिहून दिली आहे. साहाय्यकाने वेग, नाडी व रक्तदाब वेळेसह नोंदवावेत. भ्रम, अतितृष्णा वा सरक्त मल दिसताच वैद्यास बोलवावे. निदान, मात्रा व औषधबदल वैद्यानेच करावा. औषधालयाच्या चालकांनीही साहाय्यकाच्या तोंडी निरोपावर औषध बदलू नये. वैद्याच्या सहीची चिठ्ठीच मागावी.

हा पाद भक्कम करणे वैद्याच्याच हाती आहे.