‘वय झालं’ हा आजार नाही



वारंगा फाट्याला गटाच्या बैठकीत घरच्या म्हाताऱ्या माणसांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, “आता वय झालं, चालायचंच.” पण चक्कर, थकवा, धूसर दिसणं, रात्री सारखं लघवीला उठणं यामागं बऱ्याचदा बीपी, शुगर, रक्त कमी असणं किंवा मोतीबिंदू असतो. तपासलं तर कळतं आणि इलाज होतो.

तपासणी
तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर उपकेंद्रात मोफत तपासतात. आशाताईंना विचारून दिवस ठरवा. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही बीपी 140/90 किंवा जास्त, अथवा उपाशीपोटी शुगर 126 किंवा जास्त आली, तर डॉक्टरांना दाखवा.

गोळी
बीपी वाढलं तरी बहुतेकदा काहीच दुखत नाही. म्हणून “बरं वाटतंय” म्हणत गोळी बंद करू नका. शेजारणीची गोळी देऊ नका. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या दुखीच्या गोळ्या रोज खाल्ल्या तर किडनी खराब होऊ शकते. शुगरची गोळी चालू असेल तर जेवण चुकवू नका. घाम सुटला, हातपाय थरथरले तर शुद्धीवर असताना लगेच साखरपाणी द्या.

थांबू नका
तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं तर तो लकवा असू शकतो. 108 ला फोन लावा, त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा, तोंडात काही घालू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. “सकाळी बघू” म्हटलं तर ती वेळ निघून जाते.
म्हातारं माणूस अचानक भलतंच बोलू लागलं तर त्याला वेड समजू नका. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी किंवा शुगर कमी होणं, अशी कारणं असतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कार्ड
70 वर्षं पूर्ण झालेल्यांना 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही. योजनेतल्या दवाखान्यात भरती झाल्यास वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात. त्यासाठी आधार लागतं.

पुढच्या बैठकीचं काम
प्रत्येकीनं घरातल्या साठीपुढच्या माणसांची नावं, शेवटची बीपी-शुगर कधी तपासली ती तारीख आणि चालू गोळ्या वहीत लिहून आणा. जिथं तारीख रिकामी, तिथून सुरुवात करू. आणि ताईंनो, त्या यादीत स्वतःचंही नाव लिहा.

तुमची क्षेत्र समन्वयक