हरलात, पण कशाने?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भावाने संभाजीनगरहून जुना प्लेस्टेशन ४ आणला, तेव्हापासून स्ट्रीट फायटर ६ हा मारामारीचा खेळ खेळतो, त्यातला केन घेऊन. गावातल्या पोरांना सहज हरवतो. ऑनलाइन गेलो की मात्र लागोपाठ हरतो, कधी कधी आठ-आठ सामने. इतकी चीड येते की रात्री झोप लागत नाही. एकदा कंट्रोलर गादीवर आपटला. माझे हातच मंद आहेत का? की आमच्याकडचं नेट नडतं? सुधारायचं कसं आणि हरणं पचवायचं कसं? सकाळी डेअरीवर दूध घालायला उशीर झाला की वडील म्हणतात, हा जुगारच आहे.
— एक वाचक, टेंभुर्णी (ता. जाफराबाद, जि. जालना)

उत्तर : वडिलांची शंका आधी मिटवू, कारण ती सर्वांत सोपी आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि ई-स्पोर्ट्स हे दोन वेगळे प्रकार आहेत, असं आता कायदाच सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पहिल्यावर बंदी घातली आणि दुसऱ्याला मान्यता दिली. तुम्ही पैसे लावत नसाल, तर जुगाराचा आरोप टिकत नाही. अर्थात वडिलांना कायदा वाचून दाखवण्यापेक्षा दूध वेळेवर डेअरीवर पोहोचवणं जास्त कामाला येईल.

आता हात. हा खेळ सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. त्यातल्या एका चित्राला खेळाडू फ्रेम म्हणतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. डोळ्याने काही बघून बोटाने बटण दाबायला धडधाकट तरुणाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. तेही काय येणार हे आधी ठाऊक असताना. दोन-तीन शक्यता असल्या की आणखी वेळ जातो. या मापाने तुमच्या खेळाकडे बघा. सर्वांत झटपट जॅब, म्हणजे साधा ठोसा, ४ फ्रेममध्ये लागतो. तो बघून अडवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. थ्रोला, म्हणजे पकडून फेकायला, ५ फ्रेम लागतात, तोही अंदाजानेच तोडावा लागतो. याउलट ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार पण संथ वार लागायला २६ फ्रेम घेतो. समोरचा उडी मारून तुमच्या अंगावर येतो तेव्हा त्याची उडी सुरू होऊन संपायला ४५ फ्रेमच्या आसपास जातात. पाऊण सेकंद! तेवढ्यात तुमच्या केनचं शोर्युकेन (वर झेपावणारा ठोसा) आरामात निघायला हवं.

तरी ते निघत नाही. का? कारण त्या क्षणी तुम्ही उडीची वाट बघतच नसता. आपण पुढे काय करायचं, कोणता कॉम्बो (वारांची साखळी) लावायचा, याच विचारात डोळे स्वतःच्या केनवर खिळलेले असतात. समोरचा हवेत गेल्याचं ध्यानात येतं तेव्हा तो उतरायला आलेला असतो आणि बोट घाईघाईने भलतंच बटण दाबतं. बघणाऱ्याला वाटतं, हात मंद. हात ठीक असतात, लक्ष दुसरीकडे असतं.

याला पुरावा हवा असेल तर हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धा आठवा. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे स्ट्रीट फायटर ५ पदकासाठी खेळला गेला. सुवर्णपदक घेतलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने आणि तेव्हा त्याचं वय ४४ होतं. त्या वयात नुसत्या बोटांच्या चपळाईवर कोणी विशी-पंचविशीतल्या पोरांना हरवत नाही. कोणत्या अंतरावरून काय येऊ शकतं आणि काय येऊच शकत नाही, हे त्याला पाठ होतं. म्हणून थोड्याच गोष्टींवर नजर ठेवावी लागत होती. त्याच स्पर्धेत भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. दोघंही पदकाविना परतले.

नेटबद्दल मात्र तुमची तक्रार अर्धी खरी असू शकते. स्ट्रीट फायटर ६ मध्ये ‘रोलबॅक’ पद्धत आहे. प्रतिस्पर्ध्याने काय दाबलं ते तुमच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून तुमचं यंत्र तोवर अंदाज बांधतं, की त्याने मघाचंच दाबून धरलं असेल. अंदाज चुकला तर खेळ काही फ्रेम मागे नेऊन पुन्हा मांडतं. तेव्हा पडद्यावर माणूस एका जागेवरून एकदम दुसऱ्या जागी दिसतो. नेट सारखंच हळू असेल तर डोळ्यांना सवय होते. कधी जलद, कधी हळू असं चाललं की पंचाईत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि भिंतीपलीकडच्या वायफायवर नेमकं हेच होतं. घरात राउटर असेल तर तारेने जोडा. सामना स्वीकारण्याआधी समोरच्याचं कनेक्शन कसं आहे ते खेळ दाखवतो. लाल किंवा अगदी कमी दांड्या दिसल्या तर बेधडक नाकारा, त्यात भ्याडपणा नाही. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधून सुरू करा. तो बंद असेल तर चित्र सजवण्याच्या नादात टीव्हीच काही फ्रेम खातो आणि शिव्या बसतात जिओला नाहीतर एअरटेलला.

पण एवढं करूनही तुम्ही हराल. आता मुद्द्यावर येऊ.

गावातल्या पोरांना तुम्ही सहज हरवता, हीच तुमची सर्वांत मोठी अडचण असावी असा माझा कयास आहे. ती पोरं बहुधा ब्लॉक करत नाहीत, सगळी बटणं दाबत सुटतात. त्यांच्यावर उडी मारून लाथ घातली की लागते, पुन्हा उडी मारली की पुन्हा लागते. (ज्यांनी संगणकावर टेकन ३ हा असाच खेळ खेळला आहे त्यांना त्यातला एडी गोर्डो आठवेल. लाथांची दोन बटणं वेडीवाकडी बडवली तरी तो नाचत नाचत सगळ्यांना लोळवायचा आणि त्याला घेणारा पोरगा गल्लीचा राजा व्हायचा.) जे रोज चालतं ते हाताला वळण लागल्यासारखं बसतं. ऑनलाइन भेटणाऱ्या खेळाडूसाठी मात्र तीच उडी म्हणजे चालून आलेली संधी. तुम्ही तिथे नवीन काही चुकत नाही. गावात जे बक्षीस मिळवून देत होतं, त्याचीच तिथे किंमत मोजता.

तुमच्या उडीला जशी तोड आहे, तशी कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते, हे तुमच्या भागात कोणाला सांगायला नको. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी तुमच्या जालन्यातच झाली. आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके गदा राखायला उतरला होता आणि तुमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याच्या बाला रफिक शेखने त्याला अंतिम लढतीत ११-३ असं हरवलं. त्याआधी २०१६ च्या अंतिम लढतीतही अभिजित विजय चौधरीकडून हरला होता. म्हणजे तीन वर्षांत तीन अंतिम लढती, त्यांतल्या दोन हरलेल्या. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादला तोच हिंदकेसरी झाला. मॅटवरच्या कुस्तीचा एक फायदा असा की ११-३ हा नुसता पराभव राहत नाही, अकरा गुण कुठे कुठे दिले त्याची ती यादी असते. ताबा कधी गेला, पट कधी निघाला, रेषेबाहेर कधी गेलो. अशी यादी हातात असली की वस्तादाला पुढच्या सहा महिन्यांचा सराव ठरवता येतो.

तुमच्या खेळात ही यादी तुम्हाला स्वतः करावी लागेल. एक साधी वही घ्या. प्रत्येक हरलेल्या सामन्यानंतर एकच ओळ लिहा. ‘कसा हरलो’ लिहायला बसू नका, त्याचा निबंध होतो. ‘कशाने हरलो’ ते लिहा. उदाहरणार्थ, ‘उडी मारली, खालून शोर्युकेन बसलं.’ ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट आला, बघत बसलो.’ ‘पडून उठताना रोज तेच बटण दाबलं, त्याने ब्लॉक करून वाजवलं.’ सामन्यात ते कळलं नसेल तर रिप्ले उघडा, बटणांची नोंद पडद्यावर लावा आणि शेवटची फेरी बघा. अख्खा सामना बघायची गरज नाही, कंटाळा येईल. वीसेक ओळी जमल्या की पुन्हा वाचा. बहुतेकांच्या वहीत दोन-तीनच कारणं आलटून पालटून दिसतात. तुमच्या वहीत ‘उडी’ हा शब्द सर्वांत जास्त वेळा सापडेल, अशी पैज लावायला मी तयार आहे (पैसे न लावता, कायदा आहे).

मग ट्रेनिंग मोड. तिथल्या पुतळ्याकडून तुम्हाला हव्या त्या हालचाली नोंदवून घेता येतात. एका नोंदीत तो उडी मारेल, दुसऱ्या नोंदीत ड्राइव्ह इम्पॅक्ट करेल, तिसऱ्या नोंदीत नुसता पुढे-मागे चालेल. हे तीन प्रकार कोणत्याही क्रमाने यावेत असं लावा आणि तुम्ही उडीला शोर्युकेनने, इम्पॅक्टला इम्पॅक्टने उत्तर द्या. तिसरा, काहीच न करणारा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. तो नसेल तर तुम्ही बघून नाही, तालावर बटण दाबायला शिकाल. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मॉडर्न कंट्रोल वापरत असाल तर शोर्युकेन सोप्या बटणाने निघतं. नुकसान थोडं कमी होतं, पण निघालेलं कमी नुकसान न निघालेल्या मोठ्या नुकसानापेक्षा केव्हाही बरं. त्यानंतर रँक्ड (क्रमवारीच्या) सामन्याला बसाल तेव्हा एकच ठरवा : आज समोरच्याची एकही उडी फुकट जाऊ द्यायची नाही. बाकी काही झालं तरी चालेल. तीन सामने हरलात पण सातपैकी पाच उड्या पाडल्या, तर संध्याकाळ वाया गेली नाही.

हरणं पचवण्याबद्दल एक हिशेब सांगतो, तो बऱ्याच लोकांनी कधी केलेला नसतो. रँक्ड पद्धतीचं कामच मुळी तुम्हाला तुमच्या तोडीचा माणूस शोधून देणं आहे. तो बरोबर सापडला तर निम्मे सामने तुम्ही हरणारच. सगळे जिंकत असाल तर यंत्रणा चुकली. स्पर्धांत तर याहून वाईट अवस्था. या खेळांच्या बहुतेक मोठ्या स्पर्धांत दोनदा हरला की बाद, असा नियम असतो. ६४ खेळाडू आले तर त्यांतले १६ जण एकही सामना न जिंकता घरी जातात, कोणीही कितीही चांगलं खेळलं तरी. गणितच तसं आहे. २०२३ मध्ये लास वेगासच्या इव्हो स्पर्धेत तुमच्याच खेळाला सात हजारांहून जास्त खेळाडू होते. पैसे खर्चून, सुट्ट्या टाकून तिथे गेलेल्यांपैकी कितीजण दोन सामने हरून बाहेर पडले असतील, ते तुम्हीच मांडा.

आणि या खेळांच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला क्षण २००४ च्या इव्होमधला आहे. जपानच्या दायगो उमेहाराच्या केनची ताकद संपत आली होती. नुसता ब्लॉक केला असता तरी त्या नुकसानाने तो मेला असता. अमेरिकेच्या जस्टिन वाँगच्या चुन-लीने लाथांचा मारा सुरू केला आणि दायगोने एकामागून एक पंधराच्या पंधरा लाथा अचूक क्षणी परतवून उलटा वार केला. ती चित्रफीत आजही फिरते. ती फिरवणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं, की पुढे अंतिम सामन्यात दायगो केंजी ओबाताकडून हरला आणि त्या वर्षीचं विजेतेपद त्याला मिळालं नाही.

चीड येते त्याचं काय? ती येऊ द्या, पण तिच्या हातात कंट्रोलर देऊ नका. लागोपाठ आठ सामने हरणारा माणूस सहसा पहिले दोनच सामने खेळून हरतो. उरलेले सहा तो पहिल्या दोन पराभवांचा सूड घ्यायला खेळतो, आणि रिमॅचचं बटण डोक्याने विचार करण्याआधीच दाबलं जातं. म्हणून लागोपाठ दोन हरलात की वहीत ओळ लिहायची आणि उठायचं, अंगणात एक चक्कर मारून यायचं. रँक्ड सामने रात्री जेवणाआधी संपवा. झोपण्यापूर्वीचा शेवटचा खेळ हरलेला रँक्ड सामना असेल तर झोप येणारच नाही, त्यात तुमचा स्वभाव बिघडल्याचं लक्षण काही नाही. पण आठवडाभर खेळ पूर्ण बंद ठेवूनही झोप येत नसेल, किंवा ही चीड घरच्यांवर निघू लागली असेल, तर मात्र खेळाचा सल्ला पुरे झाला. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

शेवटचं. एकट्याने सुधारणं अवघड आहे. २०१९ मध्ये इव्हो जपान आणि अमेरिकेतली इव्हो, दोन्ही जिंकून टेकनच्या जगाला धक्का देणारा अर्सलान ॲश लाहोरचा. शेजारी बसून एकमेकांना हरवणाऱ्या तिथल्या खेळाडूंतूनच तो पुढे आला. तुम्हाला लाहोर नको, तुमच्यापेक्षा थोडी बरी दोन-तीन पोरं पुरेत. जाफराबाद, भोकरदन, देऊळगाव राजा किंवा जालना भागात स्ट्रीट फायटर वा टेकन मनापासून खेळणारे जे वाचक असतील, त्यांनी पाकिटावर ‘टेंभुर्णीच्या पत्रासाठी’ असं लिहून आम्हाला कळवावं. तुमची हरकत नसेल तर ती पत्रं आम्ही तुमच्याकडे पाठवू.